पंप नंबर दोनचं सील: सेल्फ-सर्व्हिस वॉशिंग सेंटरच्या नोंदी, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५

मोहोळहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दोन शेडचं वॉशिंग सेंटर आहे. गुढीपाडव्याला सुरू केलं. इथे गाडी धुवायला माणूस नाही. गिऱ्हाईक नाणं टाकतं किंवा क्यूआर स्कॅन करतं, टायमर सुरू होतो आणि गन त्याच्याच हातात. २० रुपयांत ३ मिनिटं. प्रत्येक शेडला ५ एचपीची थ्री फेज मोटर आणि तीन प्लंजरचा (पुढे-मागे सरकून पाणी दाबणाऱ्या दांड्यांचा) पंप, मिनिटाला १५ लिटर, १०० बार दाब. जागा घरची. शेड, टाकी, पंप, पॅनेल आणि पाईप मिळून ६ लाख ४० हजार गेले. दिवसभर बसायला मामा असतात, सगळा रस्ता त्यांना मामाच म्हणतो. तालुक्याच्या गावी असं सेंटर टाकायचं मनात असेल, तर माझं कुठे काय चुकलं ते आधी वाचून घ्या.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी शेड दोनच्या पंपाखाली पाण्याचं थारोळं. तेलाची काच पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे सील (प्लंजरभोवती पाणी अडवणारं रबरी कडं) गेलं आणि पाणी क्रँककेसपर्यंत, म्हणजे पंपाच्या तेलाच्या कप्प्यापर्यंत पोचलं. पाडव्यापासून ही तिसरी वेळ. शेड एकचा पंप याच बनावटीचा, त्याच दिवशी बसवलेला, पण त्याला अजून पानाही लागलेला नाही. हा फरक मी त्याच दिवशी धरून बसायला हवा होता. मी मात्र सीलच्या दर्जावर बोट ठेवलं. आधीची दोन किट बाजारातली होती, १,६५० रुपयांची. या वेळी सोलापुरातून ओरिजिनल आणलं, २,४०० रुपये. तेल ३२०. जाणं-येणं धरून दिवस गेला आणि शनिवारचा धंदाही गेला.

सील बदलणाऱ्यांसाठी एक सांगतो. पंपाच्या हेडचे बोल्ट एका बाजूने आवळत जाऊ नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पहिल्या वेळी मी एका बाजूने आवळले, हेड तिरकं बसलं आणि नवं सील दुसऱ्या दिवशी पाझरायला लागलं.

६ ऑगस्ट

फिटर म्हणाला, "मालक, बोअरचं पाणी जड आहे, क्षार सील खातायत." पटलं. इथल्या पाण्याने नळाच्या तोटीला पांढरा थर चढतो हे आपण घरोघरी बघतो. काळ्या गाडीवर पाणी वाळलं की पांढरे ठिपके दिसतात, ही तक्रारही रोजची होती. एकाकडून ५० लिटर रेझिनचा वापरलेला सॉफ्टनर २८ हजारांना घेतला.

बसवला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर बुडवला. आधी १,१४०, नंतरही १,१४०. फसवलं म्हणून विकणाऱ्याला फोन केला, दोन शब्द जास्तच बोललो. चूक माझी होती. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएसचा आकडा जवळपास तसाच राहतो. तपासायची ती हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, आणि तिचं थेंब टाकून मोजायचं किट वेगळं मिळतं. ते आणलं, ४५० रुपये. आधी ५४०, नंतर २० च्या आत. सॉफ्टनर चोख होता. विकणाऱ्याला परत फोन करून माफी मागितली.

ठिपके पूर्ण गेले नाहीत, पण आता कोरड्या फडक्याने पुसले जातात. पूर्वी ते खरवडावे लागत. सगळ्या धुण्याला हे पाणी वापरलं, तर या हार्डनेसला साडेचार हजार लिटरमागे सात किलो खडेमीठ लागतं, ते परवडत नाही. म्हणून सॉफ्टनरचं पाणी फक्त शेवटच्या खंगाळण्याला ठेवलं, त्याचं बटण वेगळं. मीठ आयोडीन नसलेलं घ्या.

राहिला सीलचा प्रश्न. दोन्ही पंप एकाच टाकीतलं पाणी ओढतात. दोष पाण्यात असता तर दोन्ही पंपांची सीलं गेली असती. हे खर्च झाल्यावर सुचलं.

१४ ऑगस्ट

नाण्याच्या पेटीने आज दुपारभर २० रुपयांचं नाणं १० धरलं. १० आणि २० दोन्ही २७ मिलिमीटरची. फरक वजनात, धातूत आणि आकारात, २० ला बारा बाजू आहेत. पेटीला नमुना नाणी टाकून शिकवावं लागतं. मी शिकवताना दोन-तीनच नाणी टाकली होती, तीही नवी कोरी. आज जुनी, घासलेली, वेगवेगळ्या छापाची वीस-वीस नाणी टाकून परत शिकवलं आणि चूक थांबली. १० च्या नाण्याचे चौदा छाप चलनात असून सगळे वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच सांगितलंय. तरी "हे नाणं चालत नाही" म्हणणारे रोज दोघे-तिघे भेटतात. आम्ही सगळी घेतो, तसं पेटीवर लिहिलंय.

क्यूआरचं दुखणं वेगळं. नेटवर्क गेलं की पैसे कापले जातात आणि मशीन गप्प बसतं. त्यासाठी मामांच्या टेबलाखाली दोन्ही शेडचं हाताने सुरू करायचं बटण दिलंय. गिऱ्हाइकाने मोबाईलवर पैसे गेलेले दाखवले की मामा बटण दाबतात, वाद घालायचा नाही. वहीत वेळ लिहून ठेवतात. रात्री खात्याशी ताडून पाहतो, आजवर एकही खोटा निघाला नाही.

१९ ऑगस्ट

पंप दोनचा आवाज बदलला. थडथड, आणि गनमधून पाणी झटके देत येतं. हे सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला, हवा घेतल्याचं लक्षण. गाळणी उघडली तर अर्धी शेवाळाने भरलेली आणि तिच्या झाकणाचा ओ-रिंग चपटा झालेला. गाळणी धुतली, ४० रुपयांचा ओ-रिंग टाकला, जोडावर टेप नव्याने गुंडाळली. आवाज गेला. वाटलं, चोर सापडला.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. टेम्पो आणि गाड्या धुवायला सकाळपासून रांग. संध्याकाळी पावणेसातला दिवे लावले आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडला. वर केला, परत पडला. वायरमन म्हणाला, "गर्दी आहे, आजच्या दिवस बायपास करून देतो." मी नाही म्हणालो. ओल्या फरशीवर अनवाणी माणूस हातात लोखंडी गन धरून उभा असतो. ३० मिलिअँपिअरचा तो डबा त्याच्यासाठीच आहे. दिवे बंद करून पंप चालवला, तेव्हा पडला नाही. म्हणजे दोष दिव्यांच्या लाईनमध्ये. एकेक दिवा सोडवत गेलो. शेड एकच्या मागच्या पट्टीदिव्यात फोमचं पाणी साचलं होतं. लोक गन वर धरतात, फवारा थेट दिव्यावर जातो. तो दिवा काढला आणि ट्रॅक्टरच्या हेडलाइटवर रात्री साडेनऊपर्यंत काम केलं. पाऊण तास गेला, दहा-बारा गाड्या परत गेल्या. आता दिवे शेडच्या बाहेरच्या खांबांवर आहेत, उजेड तिरका आत येतो.

३० ऑगस्ट

पंप दोनचं सील परत गेलं. ओरिजिनल किट, स्वच्छ गाळणी, हवा नाही. तासांचं मीटर ४६ दाखवतंय. चांगलं सील शेकडो तास चालायला हवं.

जुनं सील फेकून न देता पहिल्यांदाच उन्हात धरून नीट पाहिलं. क्षाराने खाल्लेलं सील खरखरीत होतं, त्यावर चरे दिसतात. हे गुळगुळीत, पण कडक. नखाने दाबलं तर दबत नव्हतं, कडेला बारीक तडे गेलेले. जुन्या सायकलच्या ट्यूबसारखं. रबर भाजल्यासारखं वाटलं, पण पाण्याच्या पंपात रबर भाजेल कशाने, हे कळेना. किट बदलून ठेवलं.

३१ ऑगस्ट, रविवार

उत्तर गिऱ्हाइकाकडून मिळालं. दुपारी शेड दोनला एक पोरगा बुलेट धुत होता. गन बंद करून त्याने स्पोक चोळले, टाकी चोळली, मग गन दाबली आणि ओरडला, "मालक, गरम पाण्याची सोय केली का?" मी धावत जाऊन पंपाच्या हेडवर हात ठेवला. ठेववला नाही.

पोरगा गेल्यावर थर्मामीटर घेऊन बसलो. गन उघडी असताना पाणी २९ अंश. गन बंद करून मोटर चालू ठेवली आणि चार मिनिटांनी गन बादलीत उघडली. पहिल्या धारेचं पाणी ६३ अंश. पंपाच्या पुस्तकात आत येणाऱ्या पाण्याची मर्यादा ६० लिहिलीय. शेड एकला हेच केलं, तिथे ३१.

मग पाईप शोधत गेलो. गन सोडली की पंपाचं पाणी अनलोडर वॉल्व्हमधून (दाब मोकळा करणाऱ्या झडपेतून) बायपासने, म्हणजे परतीच्या पाईपने माघारी जातं. शेड एक टाकीला लागून आहे, तिथे बायपासचा पाईप थेट टाकीत सोडलाय. शेड दोन टाकीपासून २४ फूट लांब. तिथे पाईप वाचवायला बायपास पंपाच्या तोंडाशीच, सक्शनला जोडलेला. म्हणजे गन बंद असेपर्यंत तेच अर्धा लिटर पाणी गोल गोल फिरतं आणि तापतं.

नेहमीच्या वॉशिंग सेंटरला हे बहुतेक चालून जातं. तिथे पोराचा हात सतत गनवर असतो, काम झालं की तो मोटर बंद करतो. आमच्याकडे पैसे भरून टायमर सुरू केला की गिऱ्हाईक गन खाली ठेवून आरामात चोळतं, आणि त्या वेळात पंप स्वतःच्याच पाण्यात शिजतो. शेड दोनवर कडुनिंबाची सावली आहे, त्यामुळे चोळणारे तिथेच जातात. चार किट, पाच महिने, आणि कारण २४ फूट पाईप.

२ सप्टेंबर

बायपास टाकीपर्यंत नेला. पाईप, दोन बेंड, युनियन आणि मजुरी मिळून १,१८० रुपये. टाकीत पाईपचं तोंड सक्शनपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवलं. आता गन बंद करून पाच मिनिटं चालवलं तर पाणी ३२ अंश.

शिवाय गन बंद राहिली तर मोटरच थांबावी म्हणून प्रेशर स्विच आणि टायमर लावला, २,७०० रुपये. यातही चुकलो. वेळ २० सेकंद ठेवली. लोक गन दाबतात-सोडतात, मोटर तासाला चाळीसेक वेळा चालू-बंद व्हायला लागली. संध्याकाळपर्यंत स्टार्टरचा काँटॅक्टर तापून करकरायला लागला. वेळ ९० सेकंद केली, शांत झालं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मामांच्या सूचनेचा. ते म्हणाले, "अहो, माणूस चोळताना पैसे संपतात म्हणून घाईघाईत गन दाबतो, मग सोडतो. त्याला थांबायची मुभा द्या." टायमरवर 'थांबा' बटण दिलं. दाबलं की मोटर आणि वेळ दोन्ही थांबतात, चार मिनिटांपर्यंत. भीती होती की शेड अडून राहील. तसं झालं नाही. लोक निवांत चोळतात, पाणी कमी जातं, आणि पूर्वी ६० रुपये मोडणारा ४० मध्ये गाडी धुतो, याचं मला वाईट वाटत नाही. तो आठवड्याने परत येतो.

९ सप्टेंबर

फोमच्या ब्रशने ओरखडे पडले म्हणून एकाने गाडी परत आणली. काळं बॉनेट, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. त्याच्या आधी त्याच ब्रशने कुणीतरी ट्रॅक्टरचं मडगार्ड घासलं होतं, केसांत काळ्या मातीचे खडे सापडले. मी पॉलिशचे १,५०० रुपये दिले. ब्रश त्याच दिवशी काढून टाकला. आता फक्त फोमची गन, चोळायचं फडकं ज्याचं त्याने आणायचं किंवा मामांकडून ३० रुपयांना मायक्रोफायबर घ्यायचं.

१६ सप्टेंबर

शेड एकचा होस क्रिम्पजवळ (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाजवळ) फुटला. जमिनीवरून ओढून ओढून लोक तो टायरखाली घेतात. नवा २,१०० रुपये. आता दोन्ही होस वर फिरत्या आडव्या दांड्याला टांगलेत, गावातल्या वेल्डरने ३,८०० मध्ये दोन्ही करून दिले. हे पाडव्यालाच करायला हवं होतं. नोझलही बदलली. भोक झिजलं की दाब हळूहळू उतरतो आणि आपण पंपाला दोष देत बसतो. २५ अंशाची हिरवी, २६० रुपयांची एक.

२४ ते २८ सप्टेंबर

सीनेला महापूर आला. नदीकाठच्या गावांत घरात, गोठ्यात, शेतात पाणी शिरलं. आमच्याकडे पाणी नाही आलं. पाणी उतरू लागल्यावर गाड्या येऊ लागल्या, बऱ्याच ढकलत आणलेल्या. सीटखाली, साखळीत, हेडलाइटच्या आत गाळ.

पुराच्या गाड्यांना पैसे घ्यायचे नाहीत असं पहिल्याच सकाळी ठरलं आणि मामांनी पेटीवर पोतं टाकलं. पाच दिवसांत ६१ मोटरसायकली आणि ९ ट्रॅक्टर धुतले.

पहिल्या दिवशी प्रेशर गन वापरली, ती चूक. पुराचा गाळ लोण्यासारखा असतो, दाबाने तो उडून बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या जोडात घुसतो. तिथे दाब नको, पाण्याचा लोंढा हवा. टाकीवरच्या साध्या मोनोब्लॉकला एक इंची पाईप लावला आणि मोठ्या धारेने वरून खाली गाळ सोडवला. गन फक्त शेवटी, टायर आणि मडगार्डला. येईल त्याला एकच सांगत होतो: किक मारू नका, बटण दाबू नका. आधी प्लग काढा, एअर फिल्टर काढा, इंजिनचं तेल सोडा. ज्यांनी घाईत किक मारली होती, त्यांच्यातल्या दोघांचं इंजिन आवळलं.

एक काका मुलाची गाडी घेऊन आले. गोठ्यातली जनावरं सोडवताना गाडीकडे बघायला वेळच नव्हता म्हणाले. टूलकिटच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते, आरसी आणि विम्याचे. पिशवीत पाणी गेलं नव्हतं. त्यांनी ते कागद मामांच्या टेबलावर एकेक करून उन्हात पसरले आणि गाडी धुऊन होईपर्यंत तिथेच बसून राहिले.

सांडपाण्याची तीन चेंबर आहेत, प्रत्येकी ४ फूट लांब, रुंद, खोल. एरवी पहिलं महिन्याने भरतं, या वेळी दीड दिवसात काठोकाठ. काळ्या मातीचा बारीक कण तसाच सोडला तर दोन दिवस खाली बसत नाही. तिसऱ्या चेंबरला तुरटी टाकली, हजार लिटरला १०० ग्रॅम या मापाने. तुरटी आधी बादलीत विरघळवा आणि ओतल्यावर बांबूने सावकाश ढवळा. मी पहिल्यांदा खडे तसेच टाकले, ते तळाशी चिखलात रुतून बसले, काही झालं नाही. विरघळवून टाकल्यावर चार तासांत वरचं पाणी निवळलं. ते मोनोब्लॉकला परत वापरलं, प्रेशर पंपाला अजिबात नाही.

शेजारच्या शेतकऱ्याने गाळ रानात टाकायला मागितला. दिला नाही. वरून सुपीक दिसतो, पण आमच्या चेंबरच्या गाळात ऑइल आणि ग्रीस असतं. त्यांना एका ग्लासात गाळ ढवळून वर आलेला तेलाचा तवंग दाखवला, मग पटलं. तेलकट गाळ ड्रममध्ये बंद करून ठेवलाय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पहाटे पाचपासून रांग. उद्या गाड्यांना हार पडणार. दोन्ही पंप मिळून दिवसभरात १९ तास चालले. दुपारी एक फेज गेला. प्रिव्हेंटरने दोन्ही मोटरी थांबवल्या, चाळीस मिनिटं बसून राहिलो. लोक वैतागले, पण मोटर जळाली असती तर भरून आणायला तीन दिवस गेले असते. प्रिव्हेंटर १,३०० रुपयांचा, तो पहिल्या दिवसापासून लावा. पुरातल्या गाड्यांपैकी सात-आठ आज परत आल्या, चालत्या.

८ ऑक्टोबर

पंप दोन मुद्दाम उघडला. मीटरवर शेवटच्या किटनंतर १७१ तास. तेल मधासारखं स्वच्छ. पाझर-भोकाखाली (सील गळलं तर पाणी बाहेर येतं त्या भोकाखाली) चार दिवस कोरा कागद ठेवला होता, तो कोरडा निघाला. सील बोटाने दाबलं तर दबतं आणि परत वर येतं. तेच सील परत बसवलं, बोल्ट समोरासमोरचे आवळले, अकरा वाजता शेड उघडली.